गर्भपात नेमका कसा होतो, आणि त्यावर माणसांचं एकमत का होत नाही

मराठीत गर्भ आपोआप पडला तरी ‘गर्भपात’ आणि ठरवून काढून घेतला तरी ‘गर्भपात’च. त्यामुळे मूल हवं असताना ते गमावलेल्या बाईच्या कागदावर डॉक्टरांनी हा शब्द लिहिला की घरचे दचकतात, आणि तिला आधीच्या दुःखावर उगीच संशयाचंही ओझं वाहावं लागतं. ठरवून केलेल्यासाठी सरकारी भाषेत ‘गर्भसमापन’ हा कोरडा शब्द आहे. बोलताना लोक ‘अबॉर्शन’ म्हणतात, ‘क्युरेटिन’ म्हणतात, ‘पिशवी साफ केली’ म्हणतात, आणि आवाज खाली आणून ‘पाडलं’ म्हणतात. ज्यांना ते मान्यच नाही ते ‘भ्रूणहत्या’ म्हणतात. यातला कुठला शब्द तोंडात आला यावरून बोलणारा कुठल्या बाजूचा ते कळतं. मी इथे ‘गर्भपात’ हा जुना, दोन्ही अर्थांचा शब्दच वापरणार आहे, कारण शरीराच्या दृष्टीने त्या दोन गोष्टी खरोखरच फार जवळच्या आहेत. आपोआप होणारा गर्भपात अर्धवट राहिला तर त्यावर जे उपचार करतात, तेच ठरवून करायच्या गर्भपातातही वापरतात.

शरीरात काय घडतं याची उत्तरं वैद्यकशास्त्राकडे आहेत. ते घडू द्यावं की नाही, हे मात्र वैद्यकशास्त्र सांगू शकत नाही. पहिल्याबद्दलचं अज्ञान दुसऱ्याच्या भांडणात मिसळलं की बोलणं पुढे सरकत नाही, म्हणून आधी शरीराचंच बघू.

सगळ्या गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा आठवडे मोजण्यात असतं. डॉक्टर शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली तिथून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. गर्भधारणा साधारण दोन आठवड्यांनी होते, म्हणजे हिशेबातले पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतेच. पाळी चुकते त्या दिवशी कागदावर चार आठवडे भरलेले असतात. अमेरिकेतल्या काही राज्यांनी सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घातली आहे. ऐकायला दीड महिना वाटतो, पण पाळी चुकल्याचं लक्षात आल्यापासून हातात जेमतेम दोन आठवडे उरतात, आणि जिची पाळी मुळातच मागेपुढे होते तिच्या हातात तेवढेही नसतात. या सुमारास सोनोग्राफीत ठोक्यांची हालचाल दिसू लागते. सातव्या आठवड्यात भ्रूणाची लांबी साधारण एक सेंटीमीटर असते, बाराव्याच्या शेवटी पाच-सहा सेंटीमीटर. गर्भपाताचं चित्र म्हणून अनेकदा पूर्ण वाढलेल्या बाळाचा फोटो दाखवतात. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार मात्र दहातले नऊहून जास्त गर्भपात पहिल्या १३ आठवड्यांत होतात, आणि २१ आठवड्यांनंतरचे सुमारे एक टक्का.

गोळ्यांनी होणारा गर्भपात

गरोदरपण टिकवायचं काम प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक करतं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड, रक्ताने भरलेलं राहतं आणि पिशवीचं तोंड घट्ट मिटलेलं असतं, ते याच्याच जोरावर. मिफेप्रिस्टोन नावाची पहिली गोळी प्रोजेस्टेरॉनची जागा अडवून बसते. संप्रेरक रक्तात असतं, पण त्याचा निरोप पोचत नाही. अस्तर सुटू लागतं, गर्भाची पकड ढिली होते, तोंड मऊ पडतं. हे औषध फ्रान्समध्ये तयार झालं आणि तिथेच १९८८ मध्ये त्याला परवानगी मिळाली.

दुसरं औषध मिसोप्रोस्टॉल. हे मुळात जठरातल्या अल्सरसाठी बनवलेलं, आणि गर्भाशय आकुंचन पावतं म्हणून गरोदर बायकांनी ते घेऊ नये अशी सूचना त्यावर असायची. त्याच गुणाचा पुढे उपयोग झाला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही आज ते वापरतात, म्हणजे गर्भपाताशी काडीचा संबंध नसलेल्या कितीतरी बायका या गोळीमुळे वाचतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १२ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी सांगितलेली पद्धत अशी: २०० मिलिग्रॅम मिफेप्रिस्टोन पाण्याबरोबर गिळायची, एक ते दोन दिवस थांबायचं, मग ८०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल घ्यायचं, म्हणजे २०० च्या चार गोळ्या. या चार गोळ्या गिळत नाहीत. जिभेखाली ठेवतात, योनीमार्गात ठेवतात, किंवा गाल आणि हिरडी यांच्या फटीत दोन डावीकडे, दोन उजवीकडे अशा दाबून धरतात. तोंड खडूसारखं कोरडं पडतं. अर्धा तास बोलायचं नाही, काही खायचं नाही, आणि शेवटी उरलेला चुरा पाण्याने गिळून टाकायचा. काही तासांत कळा सुरू होतात. थंडी वाजून अंग थरथरतं, मळमळतं, जुलाब होतात, थोडा ताप येतो. मग पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, गाठी पडतात. वेदनाशामक गोळी आधीच घेतलेली बरी. ‘पाळीसारखंच दुखतं’ असं सांगून बायकांना घरी पाठवलं जातं याचा मला राग येतो. कित्येकींना त्याहून पुष्कळ जास्त दुखतं, आणि ते आधी माहीत असेल तर घाबरायला होत नाही. मोठा रक्तस्राव काही तासांत ओसरतो, थोडं थोडं मात्र दोन आठवडे किंवा त्याहून जास्तही चालू राहतं.

ही पद्धत शंभरातल्या पंच्याण्णवहून अधिक जणींना पुरते. उरलेल्यांना औषध पुन्हा घ्यावं लागतं किंवा सक्शन, म्हणजे गर्भाशयातलं नळीने ओढून काढणं, करावं लागतं. रक्त एकसारखं जातंय, ताशी दोन मोठे पॅड भिजताहेत आणि असं सलग दोन तास झालंय, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. ताप दुसऱ्या दिवशीही उतरत नसेल, स्रावाला घाण वास येत असेल, तरी तेच.

याहून मोठा धोका आहे तो गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत रुजलेला असण्याचा. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत असं होतं. या गोळ्यांचा त्यावर उपयोग होत नाही. गर्भ वाढत राहतो आणि नळी फुटली तर पोटातल्या पोटात रक्तस्राव होऊन जीव जातो. पोटाच्या एकाच बाजूला जोरात दुखणं, खांदा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्याची खूण. ‘गोळ्यांमुळेच दुखत असेल’ म्हणून हे अंगावर काढण्यासारखं नाही. गर्भाशयात कॉपर-टी बसवलेली असेल, रक्त गोठण्याचा त्रास असेल किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असतील, तर गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

सक्शन, आणि जुनं क्युरेटिन

गोळ्या नको असतील किंवा चालणार नसतील तर गर्भाशय ओढून रिकामं करतात. यंत्राने करतात, किंवा हाताने चालवायच्या सिरिंजने. ही सिरिंज पाहण्यासारखी असते: साठ मिलिलिटरची, पुढे बंद करता येणाऱ्या झडपा. झडपा लावून दट्ट्या मागे ओढला की आत पोकळी तयार होते आणि दट्ट्या तिथेच अडकून बसतो. आधी पिशवीच्या तोंडापाशी भुलीचं इंजेक्शन देतात, तोंड थोडं उघडतात, आणि पेन्सिलीएवढी किंवा तिच्याहून बारीक लवचिक प्लॅस्टिकची नळी आत सरकवतात. सिरिंज जोडून झडपा उघडल्या की पोकळी आतलं ओढून घेते. डॉक्टर नळी गोल फिरवत मागे-पुढे करतात. गर्भाशय रिकामं झालं की त्याच्या भिंती नळीला खरखरीत लागतात आणि ते आवळून येतं, हे हाताला कळतं. हे सगळं पाच-दहा मिनिटांत आटपतं. पूर्ण भूल सहसा लागत नाही आणि बाई काही तासांत घरी जाते.

यानंतरचं एक काम बाहेर कुणाला माहीत नसतं. निघालेला ऐवज गाळणीत धुऊन, काचेच्या ताटलीत पाण्यावर सोडून, खालून उजेड देऊन पाहतात. लवकरच्या दिवसांत त्यात पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू तरंगताना दिसतात. ते वारेचे सुरुवातीचे तंतू. ते दिसले तर गरोदरपण गर्भाशयातच होतं आणि ते निघालं, हे कळतं. काहीच दिसलं नाही तर गर्भनलिकेतल्या गर्भाची शंका घेऊन लगेच तपास सुरू होतो. ताटलीतल्या या दोन मिनिटांच्या निरीक्षणाने एखादा जीव वाचू शकतो.

‘क्युरेटिन’ हा शब्द आपल्याकडे रुळलाय तो जुन्या पद्धतीमुळे. त्यात धातूच्या धारदार कड्याने गर्भाशयाची भिंत खरवडत असत. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट म्हणते की ही पद्धत कालबाह्य आहे, तिच्या जागी सक्शन किंवा गोळ्या वापराव्यात. खरवडण्यात रक्त जास्त जातं, दुखतं जास्त, भिंतीला इजा होऊन त्या आतून एकमेकींना चिकटण्याची भीती असते. तरी कितीतरी ठिकाणी सवयीने ते अजून चालतं, आणि शब्द तोच राहिल्याने फरक पेशंटला कळत नाही. ‘सक्शनने करणार की खरवडून?’ हे डॉक्टरांना विचारायचा बाईला पूर्ण हक्क आहे, मग कारण आपोआप झालेला गर्भपात असो की ठरवून केलेला.

उशिराचे गर्भपात

बारा-चौदा आठवड्यांनंतर दोन वाटा उरतात. एक म्हणजे त्याच गोळ्या वेगळ्या प्रमाणात, ठरावीक तासांनी पुन्हा पुन्हा देऊन कळा आणणं. हे रुग्णालयातच करतात आणि त्याचं रूप छोट्या बाळंतपणासारखं असतं. दुसरी वाट शस्त्रक्रियेची. पिशवीचं तोंड काही तास किंवा एक दिवस आधीपासून औषधाने, किंवा ओलावा शोषून फुगणाऱ्या काड्यांनी रुंद करत आणतात आणि गर्भ सक्शन व चिमट्यांनी काढतात. तो अखंड निघत नाही. हे वाचायला जड आहे, करणाऱ्यांनाही ते हलकं नसतं, आणि सांगताना गाळलं तर लेख अर्धा खोटा ठरेल. फारच उशिरा झाल्यास आधी इंजेक्शनने हृदयाचे ठोके थांबवतात.

इतका उशीर का होतो? गर्भातली अनेक गंभीर व्यंगं अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच दिसतात. मूल हवं असलेल्या, नाव ठरवून बसलेल्या आई-बापांना त्या खोलीत ही बातमी कळते. काही जणींना गरोदरपण उशिरा लक्षात येतं, त्यात कोवळ्या मुली असतात आणि पाळी जायच्या वयातल्या बायका. काहींना पैसे जमवायला, दूरचा दवाखाना गाठायला, घरच्यांपासून लपवायला आठवडे लागतात.

गर्भाला दुखतं का, हा प्रश्न लोक प्रामाणिकपणे विचारतात. वेदना जाणवायला मेंदूच्या बाह्य भागापर्यंत जोडण्या तयार व्हाव्या लागतात, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांचं मत आहे की २४ आठवड्यांच्या आधी ती शक्यता नाही. त्याहून आधी जाणीव असू शकते असं मानणारे काही शास्त्रज्ञही आहेत.

योग्य पद्धतीने केलेला गर्भपात बाळंतपणापेक्षा कमी धोक्याचा असतो. पुढे मूल होत नाही ही भीती खरवडण्याच्या आणि संसर्गाच्या काळातून आलेली आहे. सुरक्षित गोळ्यांनी किंवा सक्शनने वंध्यत्व येत नाही. उलट आठ-दहा दिवसांतही पुन्हा बीज सुटू शकतं, म्हणून गर्भनिरोधकाचं त्याच दिवशी बोलून घ्यावं. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेला संबंध १६ देशांतले ५३ अभ्यास एकत्र तपासून २००४ मध्ये खोडला गेला. मनाचं काय? अमेरिकेत सुमारे हजार बायकांच्या मागे पाच वर्षं राहून केलेल्या अभ्यासात, गर्भपात झालेल्यांपैकी बहुतेक सगळ्यांनी निर्णय योग्य होता असंच सांगितलं. याचा अर्थ कुणालाच दुःख होत नाही असा नाही. निर्णय बरोबर वाटूनही माणूस रडतो, आणि काहींना आयुष्यभर खंत राहते. त्यांचं ऐकून घ्यायला हवं.

मतं कुठे फुटतात

विरोध करणाऱ्यांचा गाभ्याचा मुद्दा साधा आहे. बीज फलित झालं की एक नवा, स्वतंत्र मानवी जीव सुरू होतो. त्यानंतर कुठेही रेघ मारा, ती मनाचीच असणार. ठोके, हालचाल, जन्म यांपैकी कुठल्याही क्षणी तो एकदम ‘कुणी नाही’पासून ‘कुणीतरी’ होत नाही. मग दुबळ्यातल्या दुबळ्या माणसाला मारायचा अधिकार कुणालाच नाही. कॅथलिक चर्चची भूमिका हीच आहे. पण धर्म बाजूला ठेवूनही हा युक्तिवाद होतो: मारण्यातलं वाईट हे की पुढचं सगळं आयुष्य हिरावलं जातं, आणि गर्भाचंही तेच हिरावलं जातं.

धर्मांचं एकच उत्तर आहे असं मात्र नाही. इस्लामी परंपरेत १२० दिवसांनी आत्मा फुंकला जातो असं मानलं जातं, आणि त्याआधी गर्भपात कितपत चालेल यावर पंथांमध्ये मतभेद आहेत. ज्यू धर्मशास्त्रात जन्मापर्यंत आईचा जीव आधी येतो. हिंदू धर्मग्रंथांनी भ्रूणहत्येला महापातक म्हटलं, तरी कायद्याने परवानगी द्यायला त्या समाजांतून फार मोठा विरोध उभा राहिला नाही.

बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा गर्भापासून सुरू होत नाही, बाईपासून होतो. नऊ महिने दुसऱ्या जिवाला आपलं रक्त, हाडं, श्वास द्यायची सक्ती आपण दुसऱ्या कुणावर करत नाही. मुलाला मूत्रपिंड हवं असलं तरी बापाला कायद्याने ऑपरेशन टेबलावर झोपवता येत नाही. १९७१ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ जूडिथ जार्विस थॉमसन यांनी याच दिशेने मांडलं की गर्भाला जगण्याचा पूर्ण हक्क आहे असं धरलं, तरी त्यातून दुसऱ्याच्या शरीरावर हक्क निघत नाही. यावरचं उत्तरही तोलाचं आहे: आई-बाप परके नसतात, आणि मदत न करणं व जीव घेणं यांत फरक आहे.

बहुतेक माणसं या दोन टोकांच्या मध्ये असतात. गर्भ जसजसा वाढतो तसतसं त्याचं वजन आपल्या मनात वाढत जातं, असं त्यांना वाटतं. १२ आठवडे, २४ आठवडे अशा कायद्यांतल्या मर्यादा याच भावनेतून आल्या आहेत. चोविसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भ आईबाहेर, यंत्रांच्या आधाराने जगू शकतो. पण ही रेघ दवाखाना कसा आहे यावर हलते.

आणि काही प्रश्नांवर नेहमीच्या बाजू मोडतात. मुलगी आहे म्हणून गर्भ काढला, तर ‘तिचं शरीर, तिचा निर्णय’ म्हणणारे अनेक जण तिथे अडखळतात, कारण तो निर्णय बहुधा तिचा नसतोच. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द या लढ्याने मराठीत इतका खोल रुजवला की कायद्याने होणारा गर्भपातही गुन्हाच, असं आज कित्येकींना वाटतं. भारतात लिंगनिदान गुन्हा आहे, गर्भपात मात्र १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर चालतो. डाउन सिंड्रोम (जन्मतःच बौद्धिक वाढ मंद ठेवणारी स्थिती) दिसल्यावर होणाऱ्या गर्भपातांवर अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे विचारतात की आमच्यासारख्यांनी जन्मूच नये असं तुम्ही म्हणताय का. मला या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर कुणाकडूनच ऐकायला मिळालेलं नाही.

बंदीने काय होतं, हे मात्र मतावर सोडायची गरज नाही. रोमानियात तिथला कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ मध्ये बहुतेक सगळ्या गर्भपातांवर बंदी घातली. पुढच्या वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले. मग बायकांनी चोरवाटा शोधल्या, जन्मदर पुन्हा उतरला आणि माता मरू लागल्या. १९८९ च्या डिसेंबरात बंदी उठली आणि एका वर्षात मातामृत्यूंचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ७ कोटी ३० लाख गर्भपात होतात आणि त्यांतले जवळपास ४५ टक्के असुरक्षित असतात. बंदीच्या बाजूचे यावर म्हणतात की एखादी गोष्ट लपून होत राहते म्हणून ती योग्य ठरत नाही. आकडे त्यांना खोडत नाहीत, पण बंदीची किंमत कोण मोजतं ते आकड्यांत दिसतं.

आयर्लंडमध्ये ती किंमत एका नावाने लोकांसमोर आली. मूळच्या कर्नाटकातल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार ३१ वर्षांच्या होत्या, १७ आठवड्यांच्या गरोदर. मूल हवं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये गर्भ पडणार हे नक्की झालं, त्यांनी गर्भपात करून द्यायची विनंती केली, पण गर्भाचे ठोके चालू होते आणि कायदा आड येत होता. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. संसर्ग वेळीच ओळखला गेला नाही, हेही चौकशीत निघालं. २०१८ मध्ये त्या देशाने सार्वमत घेतलं. ६६.४ टक्के लोकांनी राज्यघटनेतली बंदी काढायच्या बाजूने मत दिलं, ३३.६ टक्क्यांनी विरोधात. नव्या कायद्याने १२ आठवड्यांपर्यंत मागणीनुसार गर्भपाताची सोय केली, आणि ज्या डॉक्टरच्या सद्सद्विवेकाला हे पटत नाही त्याला नकार द्यायची मुभाही ठेवली. फक्त त्याने पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडे पोचवायचं, आणि बाईच्या जिवावर बेतलं असेल तर नकार चालणार नाही.